करवंदीच्या जाळ्या उपटून तिथे झाडं कशाला लावताय?

जून जवळ आला की आपल्याकडे वृक्षारोपणाचा सीझन सुरू होतो. ग्रामपंचायत, शाळा, कॉलेजची एनएसएसची पोरं, कंपन्यांचे सीएसआरवाले, दादा-भाऊंच्या वाढदिवसाचे कार्यकर्ते, सगळ्यांना एकच गोष्ट पाहिजे असते, मोकळी जागा. आणि मोकळी जागा म्हणजे काय तर जिथे उंच झाडं दिसत नाहीत ती. सह्याद्रीच्या उतारावर आणि कोकणात अशी जागा शोधायला गेलात की हमखास करवंदीच्या जाळ्यांचा माळ सापडतो. मग जेसीबी येतो, जाळ्या मुळासकट उपटून एका कडेला त्यांचा ढीग, मग ओळीत खड्डे, त्यात गिरीपुष्प नाहीतर ऑस्ट्रेलियन अकेशिया नाहीतर नर्सरीत जे काय शिल्लक असेल ते, फोटो, बोर्ड, वडापाव, भाषण. पुढच्या मे महिन्यात जाऊन बघा, बोर्ड तेवढा शाबूत असतो.

मला वृक्षारोपणाची टिंगल करायची नाहीये, लोक चांगल्या मनानेच येतात. माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारी जमीन असो, वनखात्याची असो की गायरान, जिथे करवंदीची जाळी आधीच उभी आहे तिथे झाडं लावायला जाऊच नये, कारण ती जागा रिकामी नाहीये. आणि ती रिकामी आहे असं आपल्याला वाटतं त्यात आपल्या डोळ्यांचा दोष थोडा आणि सरकारी कागदांचा जास्त आहे.

आधी जाळी म्हणजे काय ते जरा जवळून बघू, कारण बहुतेकांनी करवंद खाल्लेलं असतं पण जाळीत हात घातलेला नसतो. करवंदीचे काटे जोडीजोडीने येतात, कधीकधी टोकाला दुभंगलेले, आणि लाकूड असं चिवट की कोयता टणकन परत येतो. फळ तोडलं की देठातून पांढरा चीक येतो, तो बोटांना, ओठांना, दातांना चिकटतो आणि नुसत्या पाण्याने हलत नाही, थोडं तेल लावून चोळावं लागतं. (करवंद कण्हेरीच्या कुळातलं आहे. कण्हेर विषारी आणि तिची ही चुलत बहीण लहान पोरांचा खाऊ, निसर्गाचं हे मला कायम गमतीदार वाटत आलंय.) फेब्रुवारी-मार्चमध्ये जाळी पांढऱ्या फुलांनी भरते, वास जाई-जुईच्या जवळ जाणारा, एप्रिलात हिरवी करवंदं लोणच्याला, मे मध्ये काळी, आणि पहिले दोन-चार पाऊस पडले की फळ पाणचट होतं, किडतं, संपलं. पोरं फळ अर्धं चावून आत बघतात, लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हा खेळ ज्याला माहीत नाही त्याने बालपण फ्लॅटमध्ये काढलंय असं खुशाल समजावं.

आता मुद्द्याचं. जाळीच्या आत काय चालतं? बुलबुल, सातभाई, शिंपी तिथे घरटी करतात कारण काट्यात मांजर शिरत नाही. उदमांजर आणि कोल्हा रात्री येऊन करवंदं खाऊन जातात आणि बिया डोंगरभर टाकतात. तांबट, बुलबुल उंबर, जांभूळ, अंजनी असलं काहीबाही खाऊन जाळीवर येऊन बसतात आणि विष्ठेतून त्या झाडांच्या बिया बरोबर जाळीच्या पोटात पडतात. तिथे सावली असते, पालापाचोळ्याची ओल असते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गुरं आणि शेळ्या तोंड घालू शकत नाहीत. उघड्या माळावर आलेलं जांभळाचं रोप पहिल्याच वर्षी शेळी खाते, जाळीतलं रोप मात्र हळूहळू काट्यांतून मान वर काढतं, आणि एकदा का ते गुरांच्या तोंडाच्या वर गेलं की सुटलं. मग काही वर्षांनी त्याची सावली मोठी होते आणि खालची करवंदी आपोआप विरळ होत जाते. म्हणजे जाळी हाच जंगलाचा ट्री गार्ड आहे, फुकटातला, आणि पाणी घालायला टँकर नको की माणूस नको. आपण करतो काय, तर तो ट्री गार्ड उपटून फेकतो आणि त्याच ठिकाणी बाजारातून लोखंडी ट्री गार्ड विकत आणून लावतो, ज्यावर देणगीदाराचं नाव असतं.

बरं, करवंदी तोडली तरी मरत नाही. कोयत्याने छाटली तर बुंध्यातून परत फुटते, वणवा लागून वरची काठी जळून गेली तरी पावसाळ्यात खालून कोंब येतात. कोकणात पिढ्यान् पिढ्या लोक सरपणाला, वईला (म्हणजे कुंपणाला), भाजावळीला (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला) करवंदी छाटत आले आणि ती टिकून राहिली. जेसीबी ही वेगळी गोष्ट आहे, तो मुळं काढतो आणि वर जी काय बोट-दोन बोट माती असते ती उलटीपालटी करतो, आणि तीव्र उतारावर ही माती पहिल्याच मोठ्या पावसात खाली ओढ्यात. ज्या डोंगरावर मातीच कमी तिथे मुळं धरून बसलेली झुडपं काढायची आणि मग मृदसंधारणाच्या नावाखाली चर खणायचे, हे कुठलं गणित आहे मला कळत नाही.

पण गणित आहे, आणि ते कागदावर आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांनी देशाचा वनअहवाल काढते. त्यात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यावर झाडांच्या माथ्यांची सावली 10 टक्के किंवा जास्त असेल तर ते वनाच्छादन, मग ती जमीन कुणाचीही असो, झाडं कुठलीही असोत. म्हणजे आंब्याची बाग, काजूची बाग, नारळीची बाग, रबराची लागवड हे सगळं वनाच्छादनात धरलं जातं. आणि झाडांची सावली 10 टक्क्यांच्या खाली आणि बाकी झुडपं असली तर तो झुडपाळ प्रदेश, त्याचा रकाना वेगळा, वनाच्छादनात त्याची गणती नाही. नीट वाचा परत. करवंदी, अंजनी, तोरण, भेकराचा आणि सशाचा आडोसा असलेला माळ साफ करून तिथे औषधं फवारलेली काजूची कलमं लावली तर रेकॉर्डवर महाराष्ट्रातलं वनाच्छादन वाढतं. उपग्रहाला वरून हिरवं दिसतं, तो बिचारा काय करणार, त्याला करवंद खाता येत नाही.

पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांतही हीच गत, झुडपाळ जमीन हा पडीक जमिनीचाच एक प्रकार. एकदा एखाद्या जागेला पडीक म्हटलं की तिचं काहीतरी 'करायला' पाहिजे असं सगळ्यांना वाटायला लागतं. 2024 च्या फेब्रुवारीत केंद्राने ग्रीन क्रेडिटसाठी (पर्यावरणाचं काम केल्याबद्दल मिळणारे गुण) झाडं लावायची जी पद्धत जाहीर केली त्यात विरळ जंगल, झुडपाळ जमीन, पडीक जमीन ह्याच लागवडीच्या जागा म्हणून धरल्या होत्या आणि हेक्टरी किमान 1100 झाडं असा हिशेब होता. नंतर त्या नियमांत फेरफार झाले, पण झुडपं म्हणजे झाडांची वाट बघत बसलेली जागा ही समजूत काही गेली नाही. आपल्या राज्यात त्याच्या आधीच आकड्यांची शर्यत होऊन गेलीय, 2016 ला दोन कोटी, 2017 ला चार, 2018 ला तेरा, 2019 ला तेहतीस कोटी झाडांचं टार्गेट. तेहतीस कोटी खड्डे खणायचे म्हटल्यावर खालच्या माणसाने कुठे खणायचे? जिथे सोपं पडेल तिथे. गच्च जंगलात खणता येत नाही, शेतात शेतकरी खणू देत नाही, उरला तो करवंदीचा माळ. मी त्या वनरक्षकाला दोष देत नाही, त्याला वरून आकडा आलेला असतो.

कायदाही झुडपाच्या बाजूने फारसा उभा राहत नाही. 1964 चा जो झाडतोड नियमनाचा कायदा आहे त्याच्या यादीत साग, खैर, हिरडा, जांभूळ, आंबा, फणस वगैरे आहेत, खाजगी जमिनीतलं जांभूळ तोडायला परवानगी लागते. करवंदी त्या यादीत नाही. ती तोडली काय, जाळली काय, विचारणारं कुणी नाही. मला वाटतं ते ठीकच आहे एका अर्थी, प्रत्येक झुडपामागे परवानगी आणि तलाठ्याचे हेलपाटे लावले तर लोक रातोरात सगळं साफ करून मोकळे होतील. पण ह्यातून डोक्यात काय बसतं, तर झाड म्हणजे किंमतीचं आणि झुडूप म्हणजे कचरा.

इथे विदर्भाचं उदाहरण घ्यायला पाहिजे. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर झुडपी जंगल म्हणून हजारो हेक्टर जमीन नोंदलेली आहे, आणि कित्येक वर्षं वाद चालू होता की हे जंगल की नुसती महसुली जमीन. 22 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की झुडपी जंगल हे वनच समजायचं, आणि 12 डिसेंबर 1996 च्या आधी वाटप झालेल्या जमिनींसाठी वेगळी सवलत ठेवली, कारण तिथे घरं, शाळा, दफनभूमी झालेल्या. आता तिथली झुडपं वेगळी आणि कोकणातली वेगळी, प्रश्नही नेमका तोच नाही, तिकडे विकासाची कामं अडली ही तक्रार खरी आहे. पण निदान एका ठिकाणी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने झुडपांच्या जमिनीला जंगल म्हटलं, हे आपल्या पश्चिमेकडच्या डोंगरांबद्दल बोलताना विसरू नये.

माणसांचं बोलू आता, कारण मला पक्ष्यांपेक्षा ह्याचा जास्त राग येतो. मे महिन्यात कर्जत, कसारा, लोणावळा, माथेरान, महाबळेश्वर, कुठेही जा, स्टेशनच्या पुलावर नाहीतर घाटातल्या वळणावर कातकरी, ठाकर, महादेव कोळी बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या असतात, 'डोंगरची काळी मैना' अशी हाळी. दहा-वीस-तीस रुपयांचा वाटा, आणि आपण त्यातही 'मावशी अजून थोडी घाला की' म्हणतो. त्या पहाटे अंधारात निघतात कारण उन्हात तोडलेलं फळ लवकर मऊ पडतं, काट्यात हात घालून एकेक फळ खुडायचं, पिकलेलं तेवढंच, आणि जोराने ओढलं तर देठाशी फाटतं आणि संध्याकाळपर्यंत त्याला वास येतो. करवंद टिकतं दोन दिवस, त्याच्यापुढे नाही. भांडवल शून्य, खत शून्य, मालक कुणी नाही, आणि भातशेतीचं काम सुरू व्हायच्या आधी जेव्हा हातात पैसा नसतो नेमक्या त्याच महिन्यात हे पीक येतं. पोरांच्या वह्या-दप्तराचे पैसे ह्यातून निघतात. गेल्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या मावशींना विचारलं की यंदा माल कमी दिसतोय, तर म्हणाल्या, 'जवळची जाळी गेली दादा, तिथं झाडं लावलीत, आता पार वरच्या टेपाला जावं लागतं.' झाडं लावलीत हे त्यांनी ज्या सुरात सांगितलं तो सूर वृक्षारोपणाच्या भाषणात एकदा वाजवून दाखवावा असं वाटलं.

2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना आणि इतर पारंपरिक वनवासींना गौण वनउपजावर, म्हणजे फळं, पानं, मध अशा लाकूड सोडून जंगलात मिळणाऱ्या गोष्टींवर, मालकी हक्क दिला, गोळा करायचा, वापरायचा, विकायचा. फळाचा हक्क दिला पण फळाचं झुडूप लागवडीच्या आराखड्यात साफसफाई म्हणून दाखवून उपटलं तर हक्क कशावर बजावायचा? आणि वनजमिनीच्या बाहेरची करवंदी तर ह्या कायद्यात येतच नाही. कर्जत, मुरबाड, मुळशीकडे डोंगराचे उतार प्लॉट पाडून विकले जातायत, फार्महाऊस, सेकंड होम, 'निसर्गाच्या कुशीत'. आधी तो उतार कुणा शेतकऱ्याच्या नावावर होता पण करवंदं तोडायला कुणी अडवायचं नाही. आता तारेचं कुंपण, वॉचमन, कुत्रा, आणि आत करवंदी काढून लावलेली लॉन. निसर्गाच्या कुशीत यायचं आणि आल्या आल्या निसर्गाची हजामत करायची.

गंमत म्हणजे कुंपण म्हणून करवंदीसारखं दुसरं काही नाही. इंग्रजांनी मिठावरचा कर बुडू नये म्हणून सिंधू नदीपासून बऱ्हाणपूरवरून पार महानदीपर्यंत चौक्यांची रांग उभी केली होती आणि त्यातल्या लांबच लांब भागात जिवंत काटेरी कुंपण वाढवलं होतं, बोरी, बाभळी, निवडुंग आणि करवंदी लावून. काँग्रेसच्या स्थापनेत जे ह्यूम होते, तेच ह्यूम त्याआधी ह्या कुंपणाच्या खात्याचे आयुक्त होते. 1879 ला ते बंद पडलं आणि माणसाला अडवायचं साधन म्हणून करवंदीची ती नोकरी संपली, त्याबद्दल कुणी अश्रू ढाळायला नको. पण गुरं-डुकरं अडवायला ती आजही चालते. बागेला तारेचं कुंपण घालण्यापेक्षा करवंदीची वई ठेवली तर फळ पण मिळतं, मधमाश्या पण येतात आणि त्या काजू-आंब्याच्या मोहोरालाही उपयोगी पडतात. ज्या शेतकऱ्याला मालकीच्या जमिनीत काजू लावायचाय त्याला 'तू करवंदी सांभाळ' असं शहरातून सांगायचा मला काहीएक अधिकार नाही, 1990 पासून रोजगार हमीतून फळबागांना शंभर टक्के अनुदान मिळालं म्हणून तर कोकणात लोकांच्या हाताला थोडा पैसा लागला. पण बांधावरची आणि कडेची जाळी ठेवली तर त्याचं नुकसान नाही, आणि अनुदानाच्या नियमात जिवंत कुंपणाला चार पैसे दिले तर तो स्वतःहून ठेवेल. लोखंडी तारेला देतोच की आपण.

ह्यावर एक हमखास उत्तर येतं, की करवंदाची शेती करा, प्रोसेसिंग करा, ब्रँड करा, जीआय (भौगोलिक मानांकन) काढा. करा ना. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं कोकण बोल्ड आहे, उत्तरेत पंतनगरच्या जाती आहेत, करवंदात पेक्टिन (जेली घट्ट करणारा घटक) भरपूर म्हणून जेली सुंदर जमते. आणि करवंदाची इंडस्ट्री आधीपासून आहेच, फक्त करवंदाच्या नावाने नाही. केकवर, बनमध्ये, मसाला पानात जी टच्च लाल चेरी असते ती बऱ्याचदा करवंदच असतं, बिया काढून, मूळ रंग घालवून, पाकात मुरवून, वरून लाल रंग चढवलेलं. पण शेतीतलं करवंद हे जाळीच्या करवंदाला पर्याय नाही. शेतीतलं फळ शेतमालकाचं, कातकरी बाई तिथे फार तर मजूर. आणि ओळीत लावलेली, तण काढलेली बाग जाळीचं काम करत नाही. शिवाय एकदा एखादं फळ सुपरफूड झालं की काय होतं ते आपण बघतोच, ॲपवर छोट्या डबीला काय भाव लावतात आणि तोडणाऱ्या बाईच्या हातात काय पडतं ते कुणी विचारत नाही. प्रोसेसिंग हवं तर गावातल्या बचत गटाने हिरव्या करवंदाचं लोणचं घालावं, त्याला कोल्ड स्टोरेज लागत नाही.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. जाळ्यांत रानडुकरं दडतात, वाडीजवळ बिबट्या दबा धरून बसतो, साप असतात. खरं आहे, ज्याच्या गोठ्यातून वासरू गेलंय त्याला जैवविविधतेचं लेक्चर देऊ नये. घराच्या, पायवाटेच्या, शाळेच्या रस्त्याच्या कडेची जाळी छाटावी, दरवर्षी छाटावी, ती परत फुटते हे वर सांगितलंच. पण गावापासून लांबच्या डोंगरावरची जाळी साफ केल्याने डुक्कर नाहीसं होत नाही, ते शेताकडे सरकतं.

मग करायचं काय, तर फारसं काही नाही, आणि हीच अडचण आहे कारण काही न करण्याचं उद्घाटन होत नाही. माळ चार-पाच वर्षं वणव्यापासून जपला, कडेने जाळपट्टा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळी केलेली पट्टी) काढला, गुरं थोडी आवरली तर जाळीतून झाडं स्वतः वर येतात. वृक्षारोपणाचा निधी ह्या राखणीला वापरायची मुभा पाहिजे, रोज एका माणसाला फेब्रुवारी ते मे आगीवर लक्ष ठेवायची मजुरी, तीही गावातल्याच, शक्यतो करवंदं तोडणाऱ्या घरातल्या. आणि ज्यांना खड्डे खणायचेच आहेत त्यांच्यासाठी शहरातले उघडे रस्ते आहेत, खाणी खोदून सोडलेल्या जागा आहेत, हायवे रुंद करताना दोन्ही बाजूंची वडा-पिंपळाची झाडं गेली तो अख्खा पट्टा आहे.

गावात राहणाऱ्यांच्या हातात एक कागद आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. मागून बघा. बऱ्याच ठिकाणी ती बाहेरच्या कुणीतरी एकाच साच्यात भरून दिलेली सापडेल, करवंद एका ओळीत, शास्त्रीय नावासकट. तिच्यात कुठल्या गट नंबरात जाळ्या आहेत, कोण तोडतं, कधी तोडतं, विकायला कुठे जातं हे ग्रामसभेत बसून लिहून घ्या, तोडणाऱ्या बायकांना बोलवून, आणि मे महिन्यात घ्या, जूनमध्ये नको, तोपर्यंत जेसीबीचं भाडं ठरलेलं असतं.